दोन खोल्या, खाली माग

शांततेशिवाय माणसाचं आयुष्य व्यर्थ आहे, असं सत्तरच्या दशकात माझं ठाम मत होतं. हे मत बनायला फारसं चिंतन करावं लागलं नव्हतं. सोलापुरात मी ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्यांच्या खाली आठ यंत्रमाग चालत.

मालक तेलुगू बोलणारे विणकर, माणसं मोठी प्रेमळ. चादरी विणत. सकाळी माग सुरू झाले की आमच्या फरशीला बारीक कंप सुटे, फडताळातली भांडी आपापसांत बोलू लागत आणि तांब्यातल्या पाण्यावर दिवसभर वर्तुळं उठत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. घरी तपासलेल्या वह्यांत बरोबरची खूण नेहमी जरा वाकडी यायची, आणि मुलांना वाटायचं, सरांनाच खात्री नाही. बायको आणि मी एकमेकांशी ओरडून बोलत असू. कुणाकडे गेलो तरी ही सवय सुटत नसे; यजमानांना वाटे, हे भांडत भांडतच आलेत.

त्या उन्हाळ्यात बायकोला सहावा महिना लागला आणि तिनं जाहीर केलं, "ह्या खडखडाटात बाळ झोपणार कसं? माहेराहून येईन ती नव्या घरात. नाहीतर राहीन अक्कलकोटलाच." तिच्या माहेरी सगळ्यांनाच बोललेलं खरं करून दाखवायची सवय होती. मी घर शोधू लागलो.

विजापूर रस्त्याला तेव्हा एक नवी सोसायटी झाली होती. तिच्या छापील पत्रकात 'इंग्लंडमधील खेड्याप्रमाणे रम्य वसाहत' असं लिहिलं होतं. जागा एका खेड्याच्या शिवारातच होती. म्हणजे खेडं तिथं आधीपासून होतं, फक्त इंग्लंडमधलं नव्हतं. उद्घाटनाची संगमरवरी पाटी बसली होती, तिच्यावर पाहुण्यांची नावं पदव्यांसकट कोरलेली होती. नळ यायचे होते. पाटीपुढची हिरवळ शेजारच्या शेळ्यांनी त्याच आठवड्यात संपवली.

पण वसाहतीच्या टोकाला एक घर खरोखरच इंग्रजी वळणाचं होतं. उतरतं कौलारू छप्पर, गुडघ्याएवढं लाकडी फाटक, मेंदीचं कुंपण. बाहेरच्या खोलीत भिंतीत शेकोटी आणि तिच्यावर धुराडं. तेही सोलापुरात, जिथे मे महिन्यात पंखाच शेकोटीचं काम करतो. हे घर बांधलं होतं एका निवृत्त विव्हिंग मास्तरांनी, म्हणजे गिरणीतल्या विणकाम खात्याच्या प्रमुखांनी. तरुणपणी गिरणीनं त्यांना सहा महिने काम शिकायला विलायतेला पाठवलं होतं. तिथल्या एका खेड्यात ज्या घरी ते राहिले, त्या घराचा नकाशा त्यांनी निवृत्तीपर्यंत डोक्यात सांभाळून ठेवला. आता पत्नी वारल्यावर ते घर विकायचं म्हणत होते.

म्हणत होते एवढंच. येईल त्याला चहा पाजायचे, एकच प्रश्न विचारायचे, "आत्ता कुटं राहता?" आणि उत्तर ऐकलं की "बघू की" म्हणत फाटकापर्यंत पोचवायचे. एक डॉक्टर असे परत गेले, एक वकील गेले. वसाहतीनं निष्कर्ष काढला की म्हातारा माणसाची पायरी बघतो. ज्याला डॉक्टरांचा बंगला चालला नाही, त्याला मागावरच्या दोन खोल्या काय चालणार? मी खोटं बोलायचं ठरवलं. बायकोला मात्र हे सांगायचं राहिलं. मागांच्या आवाजात असली गुपितं सांगता येत नाहीत.

आम्ही दोघं घर बघायला गेलो, चहा झाला. मी इंग्रजी साहित्यातल्या खेड्यांबद्दल दहा मिनिटं बोललो. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"आत्ता कुटं राहता, सर?"

"पेठेत. तशी शांत वस्ती आहे."

बायकोनं कपबशी खाली ठेवली. "शांत? अहो, कुठली पेठ सांगताय?" मग मास्तरांकडे वळून, नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून, "काका, खाली आठ माग आहेत! फरशी हलते. लग्नाला तीन वर्षं झाली, ह्यांचा खरा आवाज कसाय ते मला अजून ठाऊक नाही."

संपलं, असं मनाशी म्हणत मी फाटकाकडे बघितलं.

"आठ?" मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "चादरीचे का टॉवेलचे?"

"चादरीचे."

"पाळ्या किती?"

"दोन. सोमवारी तेवढे बंद."

"फरशी हलते म्हणता, अक्का. म्हंजे किती?"

"तांब्यातलं पाणी थरथरतं."

मास्तरांनी पायाखालच्या फरशीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुमी हितं आलात, तर त्या खोल्या रिकाम्या होणार की."

आमच्या लक्षात येईना, तेव्हा त्यांनीच सांगितलं. सगळा जन्म मागांत गेला. इथं लई शांत. रात्री घड्याळ ऐकू येतं. "विलायतेत बी खिडकीखाली गिरणीच होती. मी तितलं सगळं आणलं बघा. गिरणी तेवढी राहिली."

रविवारी ते आमच्या खोल्या बघायला आले. चपला काढल्या, चटईवर आडवे झाले, तळहात फरशीवर टेकवला आणि डोळे मिटले. "फर्स्टक्लास," म्हणाले. महिन्याभरात घर आमच्या नावावर झालं आणि माग त्यांच्या वाट्याला गेले.

बायको माहेराहून मुलीला घेऊन थेट नव्या घरी आली. त्या घराच्या आठवणीनं आजही जीव हळवा होतो. संध्याकाळी मेंदीचा वास यायचा, पावसात कौलं वाजायची, आणि बायको म्हणायची, "तुमचा आवाज बराय की." एवढ्या शांततेत मुलगी मात्र अखंड रडायची. पाळणा खिडकीशी टांगला, ग्राइपवॉटर झालं. सासूबाईंनी येऊन दृष्ट काढली आणि मीठ-मिरच्या शेकोटीत टाकल्या. त्या शेकोटीचा आमच्या हयातीतला हा एकमेव उपयोग. धूर धुराड्यातून शिस्तीत वर गेला. मुलगी रडत राहिली.

शेवटी मास्तरांना पेढे द्यायला आम्ही तिला जुन्या खोल्यांवर नेलं. अर्ध्या जिन्यातच ती गप्प झाली. फरशीवर दुपट्यात ठेवली, तशी झोपली ती तीन तास.

"पोटात असताना हेच ऐकलंय की तिनं!" मास्तर ओरडले. मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याहून मोठ्यानं ओरडले, "हळू बोला, पोरगी झोपलीया!"

दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा रडणं, तिथं नेली की झोप. मग सोमवार सोडून रोज दुपारी बायको मुलीला तिथं नेऊन झोपवू लागली. मी तिला सिटी बसचा महिन्याचा पास काढून दिला. मुलीला तिकीट लागत नव्हतं.