खाली कोरडी खडी

दिल्लीच्या द्वारकेत आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा मधल्या चौकात हिरवळ लावली होती. वर्षभरात ती सडली. पाणी घातलं की दोन-दोन दिवस चिखल, वर कुजका वास. तोवर घरोघरी नव्या गाड्या आल्या होत्या. कमिटीनं ठरवलं, चौकात सिमेंट ओतून पार्किंग करायचं.

मी चौथी शिकलेला शिपाई, पण सभासद साहेब लोकांइतकाच. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं कुंड्या सांभाळल्या. मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, हिरवळ वाचेल, दोष मातीखालच्या खडीचा आहे. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच ऑफिसातले इंजिनियर साहेब, मराठीच. पाणी निचरावं म्हणून ती वीतभर खडी त्यांनीच घालून घेतलेली.

"काका, चौथीच्या पुस्तकात निचरा होता का?"

सगळे हसले. मुलगा माझा सदरा ओढून बसवायला लागला.

"पुस्तकातलं विसरलो, साहेब. कुदळ आणतो. खोदून बघू."

सगळ्यांसमोर खोदलं. वरची माती पिळली तर पाणी गळेल अशी, आणि खालची खडी ठणठणीत कोरडी. साहेबांनी एक खडा उचलून बोटांत चोळला, तर धूळ निघाली.

मग मी सांगितलं. बारीक माती पाणी घट्ट धरते, खडीतल्या मोठ्या पोकळीत सहजी सोडत नाही. पुरती तुडुंब भरेपर्यंत ते वरच अडतं. माझ्या कितीतरी कुंड्यांत तळाला खापऱ्या जास्त झाल्या आणि मुळं कुजली, तेव्हा कळलं. खालीही मातीच लागते. ती दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून घेते.

एक कोपरा आणि पंधरा दिवस मिळाले. खडीच्या आरपार, मूळ जमिनीत उतरतील असे भोकसे पाडले आणि त्यांत वरचीच माती ठासून भरली. घरात सून म्हणे, बाबा, या वयात बिल्कुल ऐकत नाही तुम्ही. नाहीच ऐकलं. कोपऱ्यात संध्याकाळी पाणी सोडलं, सकाळी जमीन घट्ट. पंधराव्या दिवशी तिथं नवं गवत होतं, बाकी चौकात चिखल.

हिरवळ ठेवायची की पार्किंग, यावर मतदान झालं, तेव्हा हिरवळीसाठी पहिला हात साहेबांचा वर गेला. खाली उतरताना त्यांनी विचारलं, "काका, उरलेल्या चौकाला किती भोकसे लागतील?"

त्यांची पांढरी गाडी अजून फाटकाबाहेर उन्हात उभी असते. मी रोज सकाळी चौकातल्या हिरवळीवर अनवाणी फिरतो, मुद्दाम त्यांच्या खिडकीखालून.