मामाच्या कडेवरचं करडू

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या बॅनरच्या दुकानात एक बाई कंप्युटरवर बसायच्या. फोटोतली माणसं मागच्या पडद्यांपासून, झाडांपासून, नातेवाइकांपासून अलगद कापून काढणं हे त्यांचं काम. कापत कापत कानाशी पोचल्या की जीभ दातांत धरून स्क्रीनवरच्या माणसाला बजावायच्या, "काका, हलू नका हं!"

मी गेलेलो मामाच्या साठीचा बॅनर करायला. मामा फोटोत कधी हसत नाही. हसरा असा एकच फोटो होता आणि त्यात त्याने बकरीचं करडू कडेवर घेतलेलं.

"करडू काढा आणि हातात केक द्या," मी म्हटलं.

बाईंनी करडू काढून केक ठेवला. मामा केककडे असा काही विरघळून बघायला लागला की आम्हा दोघांनाच लाज वाटली. मग फुलांचा गुच्छ ठेवून बघितला. ते त्याहून वाईट दिसलं. शेवटी माऊस सोडून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"भाऊ, हे हसू करडाचं आहे. दुसऱ्या कशावर बसणार नाही."

मामाला त्या कधी भेटल्याही नव्हत्या.

करडू परत आलं. बॅनर चौकात लागला. सकाळी मामा तो बघून आला आणि माझ्याशी बोलेना. संध्याकाळी मी भीत भीत चौकात गेलो, तर मामा बॅनरखालीच उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "अरे, एका दिवसाचं होतं फक्त! माझा शर्ट सोडेना!"