चिरेतला रंग

हातोड्या, पकडी आणि पाने बनवणाऱ्या एका कारखान्याला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती. मोडलेलं हत्यार घेऊन लोक तिथे येत. खिडकीतली बाई ते हातात घेई, उलटसुलट करून बघे आणि बदलून मिळेल की नाही ते सांगे. कारखान्यात तिला सगळे नापासताई म्हणत. आधी ती आत तपासणीच्या टेबलावर होती. तिथे तिने इतका माल बाजूला काढला, की विक्रीवाल्या साहेबांनी शेवटी हात टेकले आणि तिला खिडकीवर आणून बसवलं. आता मालाऐवजी माणसं नापास करा, असं कुणीतरी गमतीने म्हणालं. तिने ते मनावर घेतल्यासारखंच झालं.

एरवी तिचं चुकत नसे. पेचकसाने दार उचकटणारे, पकडीने खिळे ठोकणारे, पटाशीने डब्याची झाकणं उघडणारे, सगळे खिडकीवर येऊन एकच सांगत, की नुसता हात लावला आणि तुटलं. पाइपाच्या पान्याचं तर ठरलेलंच. सांधा गंजून घट्ट बसला असला की नळजोडणीवाले पान्याच्या दांड्यावर एक लांब नळी चढवतात आणि तिच्यावर सगळा भार टाकतात. अशाने कुठलाही पाना आज ना उद्या जायचाच. म्हणून मोडका पाना पुढे आला की ती आधी विचारी, नळी चढवली होती का. माणूस नाही म्हणे. सगळे नाहीच म्हणतात, असं सांगून ती पाना परत सरकवी.

घरी सासूबाई आणि नवरा. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. तुझं बरं आहे, माझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आला तर मला कापलेलं परत चिकटवून देता येत नाही, असं तो म्हणायचा. धाकटा दीर नळजोडणीची कामं करी. तो पलीकडच्या गल्लीत एकटा राहत असे आणि संध्याकाळी जेवायला यांच्याकडे येई. बोलायला लागला की आवरायचा नाही. कुणाचा नळ ठिबकत असला तर याच्या तोंडी त्याचा पूर व्हायचा. याचं अर्धंच धरावं, असं सासूबाई त्याच्यासमोरच म्हणत आणि तोही हसे.

एका दुपारी हा दीर खिडकीवर आला. दांडा जिथे डोक्याला मिळतो, नेमका तिथे त्याचा पाना मोडला होता. सोबत एक लॉन्ड्रीवाली होती. तिच्या सगळ्या लॉन्ड्रीचे पाइप बदलायचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं, आणि पहिलाच सांधा सोडवताना पाना तुटला होता. काम अडलं म्हणून तीही त्याच्याबरोबर चालत आली होती.

नापासताईने दोन्ही तुकडे हातात घेतले. मोडीच्या, म्हणजे तुटलेल्या तोंडाच्या, एका कडेला तांबूस काहीतरी दिसलं. गंज किंवा वंगण असेल, असं तिला वाटलं. मागे रांग होती. घरच्या माणसाला बदलून दिलं असं कुणी म्हणू नये, हेही डोक्यात होतं.

"भाऊजी, नळी चढवली होती?"

"नाही वहिनी. हातानेच फिरवत होतो."

"सगळे नाहीच म्हणतात," ती म्हणाली. "आणि तुमचं तर आम्ही घरीही अर्धंच धरतो."

रांगेतली माणसं हसली. लॉन्ड्रीवालीही हसली. तुकडे तिथेच ठेवून दीर निघून गेला. तिने ते भंगाराच्या पेटीत टाकले आणि पुढच्या माणसाची हातोडी हातात घेतली.

त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी डबा भरून थोरल्याच्या हाती पाठवला. डबा घासून परत आला, निरोप काहीच नव्हता. काय झालं ते सासूबाईंनी सुनेला विचारलं. तिने जसं घडलं तसं सांगितलं. नियमाप्रमाणे केलं, असंही म्हणाली. सासूबाई फक्त हं म्हणाल्या.

पुढे काही दिवसांनी एक दुकानदार खिडकीवर आला. त्याच्याकडचा पाना कोराच होता, तेलकट कागदसुद्धा निघालेला नव्हता. हा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा धीर होत नाही, असं म्हणत त्याने कागद सोडला. दांड्याच्या मुळाशी रंगावर केसाएवढी रेघ होती. नापासताईने पाना शिकंज्यात धरून हातोडी मारली. तो सहज मोडला. मोडीच्या आत, लोखंड जिथे करडं दिसायला हवं तिथे, वरचाच लाल रंग उतरलेला होता. म्हणजे रंग देण्याच्या आधीपासून चीर होती. ओतकामातच काहीतरी बिघडलं होतं आणि तपासणीतून ते सुटलं होतं.

ती उठली आणि भंगाराची पेटी तिने जमिनीवर पालथी केली. दिराचे तुकडे सापडले. कडेला दिसलेलं ते तांबूस वंगण नव्हतं. गंजही नव्हता. नखाने खरवडलं तर लाल पापुद्रा निघाला. शिवाय दांडा सरळ होता. नळी चढवली असती तर तो थोडा तरी वाकला असता, आणि हे तिला त्या दिवशीही ठाऊक होतं. तिने बघितलंच नव्हतं. दोन्ही पान्यांचे तुकडे घेऊन ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी त्या खेपेला ओतलेला सगळा माल थांबवला. विकला गेलेला कुणी परत आणला तर बदलून द्या, पण आपण होऊन कुणाला बोलवायला जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली. संध्याकाळी नवा पाना, आधी स्वतः ठोकून पाहिलेला, पिशवीत घालून ती दिराच्या खोलीवर गेली.

त्याने तिला बसायला दिलं, पाणी दिलं. तिने दोन्ही तुकडे दाखवले, रंग दाखवला, आणि माझं चुकलं म्हणाली.

"पाना आणलात, बरं झालं," तो म्हणाला. "पण वहिनी, मला पान्याचं वाईट वाटलं नव्हतं. माझं गिऱ्हाईक शेजारी उभं होतं."

लॉन्ड्रीचं काम त्याच आठवड्यात दुसऱ्याला गेलं होतं. कारण कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मोडके तुकडे घेऊन लॉन्ड्रीत गेली. वाफेत उभं राहून तिने सगळं सांगितलं. माल आमचाच खराब होता, तो खरं बोलत होता, असं ती म्हणाली. लॉन्ड्रीवालीने ऐकून घेतलं. पाइप आता भिंतीत गेले, वर गिलावाही झाला, पण पुढे काही निघालं तर त्याला बोलवीन, असं ती म्हणाली. पुढे काही निघालं की नाही, ते कळलं नाही.

खिडकीवर नापासताई आजही बसते. आधी मोड बघते, भिंगाखाली धरते, मग विचारते. ज्याची चूक असेल त्याला नाही म्हणायला ती आजही कचरत नाही, पण ते त्याला आतल्या बाकावर बसवून सांगते. रांगेला ऐकू जात नाही.

दीर पुन्हा जेवायला येऊ लागला. तो आता मागून घेत नसे, म्हणून सासूबाईंना वाढताना हात थोडा सैल सोडावा लागे, एवढाच काय तो फरक. एकदा त्याची कामाची पिशवी दाराशी पडली होती आणि तिच्यातून पाना डोकावत होता. दुसऱ्याच कारखान्याचा होता. तिने विचारून तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, दांड्याच्या मुळाशी अंगठा फिरवला.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.