काकाजींचा डावा डोळा

काकू आधी डावा हात वर करायच्या. पंजा उघडा, बोटं जुळलेली, चौकातल्या पोलिसासारखा. मग म्हणायच्या, "हालू नोका." हे ऐकून न थांबलेला माणूस दारव्ह्यात मी तरी पाहिलेला नाही. नवरदेव थांबायचा, बँडवाला थांबायचा, पंगतीत वाढणारा वरणाची बादली हातात धरून थांबायचा. एकदा एक आमदार नवरा-नवरीवर फुलं टाकता टाकता थांबले. काकू शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अजून एकदा टाका. लेन्स तुमच्या कानावर गेलती." साहेबांनी पुन्हा टाकली. नंतर काकूंनी त्यांना तो पहिला फोटोही दाखवला. "कान मातर सुंदर आला," म्हणाल्या. साहेब काय बोलणार? कान त्यांचाच होता.

काकू आमच्या गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफर. बसस्टँडजवळचा स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा, तो त्यांनी पुढे चालवला. त्याला लागून माझं झेरॉक्स आणि अल्बमचं दुकान, मधली भिंत एकच. फोटो त्या काढायच्या आणि अल्बम मी कॉम्प्युटरवर जोडायचो. मी नवरीच्या मागे धबधबा टाकायचो, त्या तो काढायला लावायच्या. "पोरगी पान्यात काहून उभी केली? ताप येईन तिले," असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, काकू, गिऱ्हाइकाला चालतं. हा शब्द मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. "चालते म्हनू नोको, बाबू. चालते म्हनूनच सारं बिघडून राह्यलं."

आता त्यांच्या वेडाकडे येतो. आत आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्याला एक खोड असते. फोकस तो एका जागी मोजतो आणि फोटो दुसऱ्या जागी उमटतो. या दोन जागांत केसभर फरक पडला की नेम धरावा डोळ्यावर आणि स्पष्ट यावा कान. लेन्स बदलली की हा फरकही बदलतो. म्हणून कॅमेऱ्यात एक सेटिंग असतं. त्यात जाऊन या लेन्सला जरा पुढे घ्यायचं, त्या लेन्सला जरा मागे. बऱ्याच फोटोग्राफरांना असं काही असतं याचा पत्ता नसतो. ज्यांना असतो ते एकदा करतात आणि विसरतात. काकू दर रविवारी करायच्या, जणू लेन्स आठवडाभर कुठे भटकून आली असावी.

त्यासाठी समोर काहीतरी लागतं. शहाणी माणसं भिंतीवर वर्तमानपत्र लावतात. काकूंनी नवरा बसवला.

काकाजी एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, मूळचे उमरखेडचे. बोलणं कमी, मिशी भरपूर. स्टुडिओच्या दाराकडे तोंड करून त्यांची खुर्ची असायची, म्हणजे उजेड तोंडावर पडे. काकू दाराकडे पाठ करून स्टँडवर कॅमेरा लावायच्या. काकाजींच्या नाकापासून कानापर्यंत शाळेतली लाकडी पट्टी तिरपी धरायची, ती काकाजींनी स्वतःच धरायची, म्हणजे फोकस डोळ्याच्या पुढे पडला की मागे ते पट्टीवर कळे. नेम कायम डाव्या डोळ्यावर. पण आयुष्य एस.टी.त गेलेला माणूस, खुर्चीतही बारीक डोलायचा. मग काकूंचा हात वर. "गाडी उभी झाली. आता हालू नोका."

फोटो निघाले की कार्ड घेऊन त्या माझ्याकडे यायच्या आणि खांद्यामागे उभ्या राहायच्या. "वाढव. अजून वाढव." मी फोटो वाढवत न्यायचो. पडद्यावर काकाजींची एकेक पापणी काडीएवढी दिसायला लागली की काकूंचा निकाल यायचा. "मांगं पाहून राह्यली हे." किंवा, "आज पुढं पळून राह्यली." एक जुनी झूम लेन्स होती, तिला त्या सासू म्हणायच्या, कारण किती समजावलं तरी ती मागचंच काढायची. निकाल लागला की परत जायचं, सेटिंग जरासं हलवायचं, काकाजींना पुन्हा पट्टी द्यायची. त्यांचा चहा बाजूला निवत असायचा.

एकदा मी त्यांना म्हटलं, "काकाजी, वैताग नाही येत?" ते म्हणाले, "डेपोतल्या सायबापेक्षा बरी हाय. थे हात दाखवत नव्हते, मेमो देत."

काकूंची कीर्ती पसरली तशी बाहेरगावची फोटो काढणारी पोट्टी आपापल्या लेन्सा घेऊन यायला लागली. पुसदहून यायची, उमरखेडहून यायची. दारातून आधी जयभीम, मग पिशवीतून लेन्स. एकाने तर समोर बसवायला स्वतःची बायको आणली, काकाजींना आराम म्हणून. काकूंनी तिला चहा पाजला आणि बसवलं नाही. म्हणाल्या, "लाजून राह्यली थे. लाजनारं मानूस हालते." बायको घरी जाईपर्यंत लाजत होती. अशा रीतीने अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नांचा फोकस काकाजींच्या डाव्या डोळ्यावर बेतलेला होता, आणि वऱ्हाडी मंडळींना त्याचा गंधही नव्हता.

या सगळ्यात काकाजींची मागणी एकच होती. पट्टी खाली ठेवताना ते दर रविवारी म्हणायचे, "आता तू बस. एक तुहा काढतो." आणि काकू दर रविवारी म्हणायच्या, "आधी लेन्स नीट होऊ द्या."

कारण काकूंचा फोटोच नव्हता. म्हणजे नव्हता असं नाही, तुम्हीही म्हणाल आधारकार्ड तरी असेलच. होतं की. पण तिथे त्या मशीनवाल्या पोराला दिवा कुठून मारायचा ते सांगत होत्या, आणि त्याने तेवढ्यात बटण दाबलं. कार्डावर काकूंचं तोंड उघडं आहे आणि डोळे दिव्याकडे. लग्नाचे फोटो होते, ते त्यांच्या वडिलांनी काढलेले. लेक सासरी चालली म्हणून बाप रडत रडत काढत होता. हात थरथरला, अख्खा रोल हालला. नवरीच्या जागी पांढऱ्या साडीचा नुसता धूर दिसतो. मला वाटतं काकूंचं "हालू नोका" तिथून सुरू झालं असावं. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मोबाइलवर काढावा तर त्या पंजा पुढे करायच्या. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा तळहात आहे, पुष्कळ वेळा आहे, आयुष्यरेषेसकट एकदम स्पष्ट. लग्नात पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत काकूंच्या तोंडावर कॅमेरा असे आणि खाली पदर खोचलेला दिसे. काकाजींचं वय वाढत होतं, काकूंचंही वाढत होतं, आणि लेन्स काही पुरती नीट होत नव्हती. काकाजींना मनातून तेच लागलं होतं. एकदा मला म्हणाले, "बाबू, घरात साऱ्या गावाचे फोटो हायेत. हिचा एक नाही. उद्या मी कोनाले पाहू?" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, समोर बसल्या आहेत ना अख्ख्या.

मग ते बिनआरशाचे कॅमेरे आले. पुसदचं एक पोट्टं नवाकोरा घेऊन दाखवायला आलं. म्हणालं, "काकू, यात आरसाच नाही. डोळा आपोआप धरते. तुमचं ते सेटिंग आता लागत नाही." काकूंनी कॅमेरा उलटसुलट पाहिला. काकाजींना बसवलं, पट्टी दिली, हात वर केला आणि बटण दाबलं. मी वाढवत नेला. पापणी न पापणी जिथल्या तिथे, पहिल्याच फटक्यात. काकूंनी नाक, डोळा, कान, तिन्ही तपासले. मग कॅमेरा पोराच्या हातात देऊन म्हणाल्या, "चांगला हाय. पन भलती घाई करते."

पोट्टं गेल्यावर काकाजींनी संधी साधली. "घेऊन टाक तू बी असा. मले उठू दे या खुर्चीतून."

काकू स्टँडचा स्क्रू आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन मंग तुमाले बसवू कायले?"

काकाजींनी पट्टी उचलली, नाकाला लावली आणि सरळ होऊन बसले. मी माझ्या दुकानात आलो आणि कुणाची तरी मार्कशीट झेरॉक्स केली, दोन्ही प्रती कोऱ्या आल्या.

बाहेरगावची पोट्टी यायची बंद झाली. रविवार मात्र चालू राहिला. आणि एका रविवारी, खोटं नाही सांगत, पन्नास एमएमची लेन्स काकूंच्या मनासारखी झाली. मी वाढवत गेलो, त्या वाकून पाहत गेल्या, आणि बोट ठेवायला जागाच सापडेना. काकाजी उठून मागे येऊन उभे होते. म्हणाले, "झाली ना? बस आता." काकू पहिल्यांदाच अडकल्या. पदर चाचपला, केसांवरून हात फिरवला. "आज नोको. साडी मळकी हाय. पुढच्या रविवारी बसीन."

"नक्की?"

"बसीन म्हनलं ना."

पुढचा रविवार आलाच नाही. मधल्याच एका दिवशी काकू बाजारातून भाजी घेऊन आल्या, पिशवी ठेवली, पाणी मागितलं आणि ते यायच्या आत गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. मला काकूंचा राग आला, अजूनही येतो. साडीचं काय घेऊन बसल्या होत्या?

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला फोटो हवा होता. नातेवाईक आधारकार्ड घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, हाच मोठा करा. काकाजी सोबत होते. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि मान हलवली. "हे थे नाही. हे कोनाशी तरी भांडून राह्यली."

मी म्हटलं, "काकाजी, म्हणजे त्याच."

ते हसले नाहीत. नातेवाईक गेल्यावरही स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "माहे फोटो दाखव. रविवारचे."

"तुमचे कशाला?"

"तिनं काढले ना थे. दाखव."

मी शेवटच्या रविवारचा उघडला. मिशी, पट्टी, डावा डोळा. काही सुचेना म्हणून सवयीने वाढवत गेलो. पापण्या आल्या, आणि दर वेळी मी तिथेच थांबायचो, कारण काकूंना तेवढंच पाहायचं असे. या वेळी मागून "थांब" म्हणणारं कोणी नव्हतं. हात चालत राहिला. पापण्यांच्या आत बुबुळ आलं, बुबुळात स्टुडिओचं दार आलं, उजेडाचा उभा चौकोन. आणि त्या चौकोनात काकू उभ्या होत्या.

काळी आकृतीच होती नुसती. पण अंबाडा कळत होता, खोचलेला पदर कळत होता, स्टँडवर वाकलेली पाठ कळत होती. डावा हात वर होता, पंजा उघडा. मी आधीचा रविवार उघडला, त्याच्या आधीचा उघडला. सगळीकडे त्या होत्या. इतकी वर्षं आम्ही दोघं पापण्या बघत बसलो आणि त्या आतून आम्हालाच थांबवत होत्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. काकाजी पडद्याला नाक लावून पाहत होते.

त्यातला शेवटचा मी मोठा करून छापला. धबधबा टाकला नाही. कार्यक्रमाच्या सकाळी फ्रेम घेऊन गेलो. बुद्धांच्या मूर्तीशेजारी आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जागा करून ठेवली होती. एक पाहुणे मला कानात म्हणाले, "भाऊ, हा कशाचा फोटो?" पुसद-उमरखेडची पोट्टी आली होती, त्यांना विचारावं लागलं नाही. दारातून आत आली, फ्रेममधला तो पंजा पाहिला आणि चपला काढता काढता आहेत तिथेच उभी राहिली.

काकाजींनी फ्रेम हातात घेतली. चष्मा कपाळावर चढवून, काकू पाहायच्या तशी, कडेपासून कडेपर्यंत तपासली. वर केलेल्या पंज्यापाशी थांबले. तिथे बोटं एकमेकांत मिसळली होती, कडा फुटल्या होत्या. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"पाह्य," मला म्हणाले, "जनमभर मले बोलली, आन सोता हालली."

मी म्हटलं, पुन्हा करून आणू का, दुसरा एखादा बघतो.

"नोको," काकाजी म्हणाले. "चालते. लाव."