दहाव्या मिनिटाला बंद

गॅरेजवाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडी बंद पडली की माणूस खरं बोलायला लागतो, आपण फक्त खाली मान घालून पाना फिरवायचा! माझं गॅरेज दुचाकीचं, करमाळ्याकडं, उजनीच्या पाण्याजवळ. त्यामुळं बोटवालेही माझ्याच डोक्यावर येऊन बसतात. त्यातले दामूअण्णा म्हणजे सगळ्यांचे बाप! त्यांच्या बोटीच्या एका मोटारीनं मला जेवढं छळलं, तेवढं शंभर गाड्यांनी नाही.

*

अण्णांची बोट माणसं पलीकडं नेते. रस्त्यानं गेलं तर अर्धा दिवस मोडतो, बोटीनं अर्धा तास. मोटार बोटीच्या मागं, तिची पेट्रोलची टाकी वेगळी, अण्णांच्या पायाशी. काठ सोडला की दहा मिनिटं झकास, मग भर पाण्यात फुस्स! अण्णा मोटार चालू करायची दोरी ओढायचे, टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघायचे, शिव्या द्यायचे. थोड्या वेळानं मोटार सुरू!

एकदा ती काढून माझ्याकडं घेऊन आले. मोटारसायकलवर दोघांच्या मधी बसवलेली, वर गोधडी. शेजारचा चहावाला पळतच आला, "कोण आजारी हाय वं?"

मी मोटार पाण्याच्या पिंपात उभी केली, माझ्याकडच्या टाकीची नळी जोडली. तासभर चालली! अण्णा भडकले. "माझ्याकडं मरती आन् हितं नाचती! सासुरवाशीण हाय का काय ही?"

*

बोटीवर सल्ले देणारे काय कमी? गुरुजी म्हणाले, प्लग बदला. मासे धरणारे म्हणाले, पंख्यात शेवाळ अडकत असंल. मी प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. ढिम्म फरक नाही!

शेवटी जनावरांचे डॉक्टर उठले, तेही रोज त्याच बोटीनं जायचे. त्यांनी बॅगेतनं स्टेथोस्कोप काढला आणि मोटार गचके देत असताना तिच्या पाठीला लावला. सगळी बोट माना लांब करून बघायला लागली. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "छाती साफ हाय. उपाशी वाटतंय जनावर."

लोक हसून हसून लोळले. मीच सगळ्यात जास्त हसलो.

*

मोटार बंद पडली की सगळी बोट कुरकुरायची, एक आक्का सोडून. आक्का ही अण्णांची थोरली बहीण. दर मंगळवारी लेकीकडं जायची. मोटार जिथं थांबायची, तिथंच पाण्याखाली त्यांचं जुनं गाव. धरणात गेलेलं.

"आमची चूल हितंच की," असं म्हणत ती भाकरीचा तुकडा मोडायची, पाण्यात सोडायची आणि हात जोडून बसायची. अण्णांना ते अजिबात खपायचं नाही. गावाचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं.

एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं, "दामू, आपणहून घटकाभर थांबवशील का रं हितं?"

"पाशिंजर हायत बोटीत! बोट काय तुझ्या म्हायेराला लावलीया?"

आक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ ऐकत न्हाय, पर मोटार ऐकती बग." ती हसत होती, पण मला माझी आई आठवली. म्हातारपणी तीसुद्धा अशीच माहेर माहेर करायची, आणि आम्हाला कधी वेळ नव्हता. आता वेळ आहे, तर आई नाही.

*

एका मंगळवारी मी मुद्दाम अण्णांच्या पायाशी, टाकीजवळच जाऊन बसलो. म्हटलं, हिचा सोक्षमोक्ष लावायचाच! निघायच्या आधी अण्णांनी टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू गच्च आवळला.

"अण्णा, तो हवेचा आहे! आवळताय कशाला?"

"मग? उनानं पेट्रोल उडून जातंय की!"

मी कपाळाला हात लावला. टाकीत हवाच शिरत नव्हती, तर पेट्रोल पुढं सरकणार कसं? अण्णा झाकण काढून बघायचे, मग घाईत सैलच बसवायचे, तेव्हा हवा जायची, म्हणून मोटार परत सुरू. आमच्या मोटारसायकलच्या झाकणाला नुसतं भोक असतं, त्यामुळं इतके दिवस माझ्या टाळक्यात आलं नाही.

मी स्क्रू सैल केला. बोट सुसाट! दहावं मिनिट आलं नि गेलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आक्काच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. तिनं मान वळवून मागं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तुकडा फडक्यात परत बांधला.

"बरं झालं बाबा, लोकांची खोटी व्हायची," ती म्हणाली.

दुरुस्ती करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. अण्णांची नजरही पलीकडच्या काठापर्यंत तिच्या फडक्यावरच होती.

*

दोन मंगळवार गेले. मला पलीकडं एक पार्ट द्यायचा होता, म्हणून बोटीत बसलो. पुढं आक्का होती, मांडीवर फडकं, नजर पाण्यावर. अण्णांनी दोरी ओढायच्या आधी इकडंतिकडं बघितलं, खाली वाकले आणि अंगठ्यानं स्क्रू गच्च आवळला. वर बघतात तर माझी नजर त्यांच्यावर. मी मुकाट्यानं तोंड फिरवलं.

दहाव्या मिनिटाला मोटार गचकली. थांबली.

अण्णा सगळ्या बोटीला ऐकू जाईल असे माझ्यावर ओरडले, "कसला मेकॅनिक रं तू? परत बिगडली की! आक्के, तुझं काय असंल ते घे उरकून. ह्याला लई येळ लागंल."