ताईचा ऑगस्ट

ताई आणि मी मिळून एक फुकटचं सॉफ्टवेअर चालवत होतो. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर ते आजच्या युनिकोडमध्ये आणून द्यायचं. कोड सगळ्यांना खुला, कुठकुठले लोक वापरायचे. ताई जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कोड लिहायची. मी रविवारी वरठीहून मोटारसायकल काढून जायचो आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर चाचण्या करायचो.

भांडण झालं ते आवृत्त्यांना नंबर कसे द्यायचे यावरून. मी म्हटलं, धानासारखं करू, लवकर निघणारा तो हलका आणि उशिरा निघणारा तो भारी. किरकोळ दुरुस्ती असली की हलकी आवृत्ती, शेवटचा आकडा वाढवायचा. जुनं काही मोडणार असेल तर भारी, पहिला आकडा बदलायचा. जगात बरेच जण असंच करतात.

"तुले का मालूम काय हलकं अन् काय भारी?" ताई म्हणाली. "ज्याचं काम अडलं त्याले सारंच भारी. सरळ साल टाक, महिना टाक. माल कधीचा आहे ते लोकाईले समजलं पाहिजे."

ताईपुढे माझं कधी चाललंय! साल, टिंब, महिना असं ठरलं.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. ऑगस्टची आवृत्ती तिनं उशीला टेकून काढली आणि त्याच महिन्यात ती गेली.

सप्टेंबरात एक चूक सापडली. दुरुस्त केली, पण नऊचा आकडा टाकायला हात धजेना. ज्या महिन्यात ताई नाही, तो तिच्या कामावर कसा लिहू? मी आठपुढे टिंब देऊन एक लिहिलं. पुढच्या वेळी आठ टिंब दोन. धान कापून झाला, मळणी झाली, उन्हाळी धानाची रोवणी लागली, आणि माझा ऑगस्ट काही संपेना.

एका अनोळखी माणसानं प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांसमोर विचारलं, "हा प्रकल्प मेला का? आवृत्ती ऑगस्टची दिसते. आम्ही दुसरं काही बघतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं झणझणीत उत्तर लिहिलं आणि खोडलं. कारण तो खरं बोलत होता. लोक एकेक करून सोडून चालले होते, आणि ताईचं उरलंसुरलं तेवढंच होतं.

रविवारी भाऊजींना सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. चहा गाळता गाळता त्यांनी ऐकून घेतलं.

"तिनं तारीख कायले लावली होती? लोकाईले खरं समजावं म्हणूनच नं? मंग तू तिच्या नावानं खोटं काहून बोलून राहिला?" गाळणी झटकत म्हणाले, "मी नाही पलटवत का कॅलेंडर?"

तिच्याच टेबलावर बसून मी नवं साल टाकलं, टिंब दिलं, फेब्रुवारीचा दोन टाकला. आवृत्त्यांच्या यादीत ताईचा ऑगस्ट खाली सरकला.

"झालं का?" कप विसळता विसळता भाऊजींनी विचारलं.

मला रडू आवरेना. म्हटलं, "गेली ताई, भाऊजी."