दर दोन तासांनी कूस

शशिकला सिस्टर माझ्या औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत राहतात, एकट्या. मूलबाळ नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली आणि दवाखान्यातली नोकरी संपून दोन. सकाळी दूध घेऊन परतताना माझ्याशी जे चार शब्द बोलतात, तेच बहुधा त्यांचं दिवसभराचं बोलणं. भरल्या पारनेरात माणूस इतकं एकटं पडू शकतं, हे मला या बाईंकडे बघून कळलं.

एके काळी त्यांच्या हाताचं नाव होतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ चोळावी तर शशिकला सिस्टरनीच. तळव्यावर स्पिरिट, मग पावडर, आणि माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की तिथं अंमळ जास्तच जोर. त्यांच्या शिक्षणाच्या काळी तसंच शिकवायचे. पेशंट म्हणायचे, "बाई, तुमच्या हाताला गुन हाय." स्पिरिट-पावडर माझ्या दुकानातून जायची, तेव्हा त्या गुणात आमचाही वाटा आहे, असं मी चेष्टेनं म्हणायचो.

मग त्यांचे यजमान आसाराम टेम्पोच्या टपावरून पडले आणि कंबरेखालचं अंग गेलं. अकरा महिने ते पडून होते. सिस्टर ड्युटीला जायच्या आधी आणि आल्यावर त्यांची पाठ चोळायच्या. मदतीला घोडेगावची थोरली नणंद कडूबाई येऊन राहिली होती. तरी पडून राहून व्हायची ती पाठीची जखम झालीच. ती आत चिघळत गेली आणि आसाराम गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कडूबाई सांगायची, "माज्या भावजयीनं हाताची सालं निघंस्तवर चोळलं. तिनं कसर न्हाई ठिवली."

या एका वाक्यावर सिस्टरनी पुढची वर्षं काढली. सासर-माहेरचं कोणी फिरकत नव्हतं, पण दर रविवारी सकाळी नऊला कडूबाईचा फोन यायचा. घोडेगावच्या बाजारात कुणाचा बैल उधळला इथपासून सुरुवात व्हायची. नऊच्या सुमाराला सिस्टर दुकानात असल्या, तर पिशवी तशीच टाकून घरी पळायच्या.

पाचएक वर्षांनी त्यांना नगरला प्रशिक्षणासाठी पाठवलं. परत आल्या त्या थेट दुकानात. "रशीदभाई, यापुढं स्पिरिट नको. पावडर पण नको."

"का, दुसरं दुकान गाठलं काय?" मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. संस्कृती मॅडम म्हणून त्यांच्या निम्म्या वयाची मुलगी शिकवायला होती. तिनं पडद्यावर पुरावे दाखवले. कातडी लाल होते, म्हणजे दाबानं आतलं रक्त अडलेलं असतं. तिथं चोळलं की आतला नाजूक भाग आणखी फाटतो. बोटानं दाबून बघायचं; लाली पांढरी पडली नाही तर धोका समजायचा आणि तिथं चोळायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. बसायला देतात ती रबरी रिंगसुद्धा वाईटच. माझ्याकडच्या सहा रिंगा तेव्हापासून माळ्यावर पडून आहेत.

"मी तिला एकच विचारलं," सिस्टर म्हणाल्या, "हे कधीपासून माहीत आहे? तर म्हणाली, वीसेक वर्षं तरी झाली असतील, सिस्टर."

मी हिशेब करायच्या आधीच त्यांनी तो केलेला होता. आसारामना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "चहा मागवू का?" माणूस घाबरला की असलंच काहीतरी बोलतो. त्या चहा न घेताच गेल्या, आणि मला माझी लाज वाटली.

त्यानंतर वॉर्डात त्यांनी वही घातली. कुठल्या पेशंटला किती वाजता कुठल्या कुशीवर वळवलं, सगळं लिहून. कुणी उशीर केला की अंगावर जायच्या. जखमा कमी झाल्या, पण माणसं दूर गेली. पेशंट म्हणायचे, "आदीची शिस्टर मायाळू हुती." बरोबरच्या बायका डबा खाताना त्यांना बोलवेनाशा झाल्या. त्यांनी कुणाला काही समजावलं नाही. रविवारच्या फोनवर कडूबाईलाही नाही. ते सांगितलं तर फोन बंद होईल, ही भीती मला त्यांनीच बोलून दाखवली होती.

गेल्या थंडीत कडूबाईचं अर्धं अंग वाऱ्यानं गेलं. तिचा मुलगा सहादेव आणि सून दोघंही चाकणला कंपनीत, सांभाळणार कोण? सिस्टरनी तिला पारनेरला आणलं. घरात बोलायला माणूस आलं म्हणून बाई चक्क गुणगुणत होत्या.

हवेची गादी बसवायला मी चारच्या सुमाराला गेलो. खाली बसून पंपाची नळी जोडत होतो. सिस्टरनी कडूबाईला वळवलं, चादर जरा सरकवून पाठ पाहिली, बोटानं दाबली.

"शशे, आगआग हुतीया गं," कडूबाई म्हणाली. "आसारामला चोळायचीस तशी चोळ की."

"नाही आक्का. चोळायचं नसतं."

"सख्ख्या नवऱ्याला चोळलंस, आन माजाच कटाळा आला व्हय?"

सिस्टरना खोटं बोलता आलं असतं. थोडं वर-वर चोळलंही असतं, तर म्हातारी खूश झाली असती. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि एका दमात बोलल्या, "आक्का, त्यांची जखम माझ्या चोळण्यानं वाढली. मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. सात वर्षं तुमच्यापासून लपवलं."

मी खाली मान घालून नळीशी झटत राहिलो. कडूबाई म्हणाली, "मला भिंतीकडं कर. तुजं तोंड नगं मला."

स्वतःहून वळायचं तर तिच्या हातात नव्हतं. सिस्टरनीच तिला भिंतीकडे वळवलं, पाठीला उशी लावली, टाचा उचलून ठेवल्या आणि वहीत लिहिलं, चार वाजता, भिंतीकडची कूस.

पंपाची पिन बसेना, म्हणून मी दुसरी आणायला दुकानात गेलो. गिऱ्हाइकांत अडकलो. परत आलो तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. सिस्टर स्टुलावर, कडूबाई तशीच भिंतीकडे.

सहा वाजले. सिस्टर उठल्या. "आक्का, वेळ झाली. वळवते."

"ऱ्हाऊ दे."

"राहू देऊन चालत नाही."

त्यांनी तिला खांद्याला आणि कंबरेला धरून अलगद आपल्याकडे वळवलं. दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर आले. कडूबाईचे डोळे सुजले होते.

"आजून जोरात चोळ म्हून मीच सांगायचे की गं तुला," ती म्हणाली. "रोज सांगायचे."

"तुम्हाला काय माहीत होतं, आक्का?"

"मंग तुला तरी कुटं ठाव हुतं?"

सिस्टर रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. कडूबाईनं चालता हात चाचपत त्यांचा हात धरला आणि आपल्या पाठीवर ओढून नेला.

"चोळू नगं," ती म्हणाली. "नुस्ता ठीव."

कडूबाई चैत्रात गेली. पाठीवर एक फोडही नव्हता. आता रविवारी फोन येत नाही. तरी नऊच्या सुमाराला सिस्टर दुकानात असल्या, की मी त्यांना बोलण्यात गुंतवतो.